आत्मसंरक्षणाचा हक्क : आरंभ, मर्यादा आणि पुरावा

शेताचा बांध, सामाईक विहिरीवरील पाण्याची पाळी, परसातून जाणारी वाट, वाटणीत राहून गेलेला दोन गुंठ्यांचा तुकडा : ग्रामीण भागातील तंट्यांची कारणे बहुधा अशी लहान असतात. परंतु त्यांतूनच एखादे दिवशी काठी वा कोयता उगारला जातो आणि क्षणार्धात एका माणसाचा प्राण जातो. मारणारा सांगतो, “त्याने माझ्यावर हल्ला केला, म्हणून मी मारले.” मृताचे आप्त सांगतात, “हा उघड खून आहे.” न्यायालयाला या दोन विधानांमधून सत्य शोधावयाचे असते. पहिले विधान खरे ठरले तर आरोपी निर्दोष सुटतो. खोटे ठरले तर त्याला जन्मठेपेची, प्रसंगी मृत्युदंडाची शिक्षा होऊ शकते. आणि ते काही अंशी खरे ठरले तर या दोहोंमधील तिसरा मार्ग कायद्याने दाखविला आहे. एकाच घटनेचे इतके भिन्न परिणाम संभवतात, म्हणून हा विषय केवळ वकिलांचा नाही. घटनास्थळी सर्वांत आधी पोहोचणारे सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, ग्रामसेवक यांनाही त्याचे किमान ज्ञान असणे अगत्याचे आहे.

कोल्हापूर परिसराच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक औचित्य आहे. अनेक वर्षांच्या मागणीनंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचचे कामकाज १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील सत्र न्यायालयांच्या निर्णयांवरील अपिलांसाठी पक्षकारांना आता मुंबई गाठावी लागत नाही. न्याय जवळ आला. तथापि उच्च न्यायालयापुढे येणारा पुरावा हा मुळात गावातच, घटनेनंतरच्या पहिल्या काही तासांत, एकतर जतन होतो किंवा नष्ट होतो, हे विसरून चालणार नाही.

कायद्यातील स्थान

स्वतःच्या बचावासाठी केलेले कृत्य अपराध होत नाही, हे तत्त्व १८६० च्या भारतीय दंड विधानात कलम ९६ ते १०६ मध्ये ग्रथित झाले होते. १ जुलै २०२४ पासून त्या विधानाची जागा भारतीय न्याय संहिता, २०२३ ने घेतली असून, हीच तत्त्वे आता तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आली आहेत. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या अपराधांना जुनेच दंड विधान लागू राहते. म्हणून पुढील काही वर्षे न्यायालयांत दोन्ही क्रमांक ऐकू येतील. तत्त्व मात्र एकच आहे.

कायदा याला ‘खाजगी संरक्षणाचा हक्क’ असे म्हणतो. प्रजेचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य होय. परंतु प्रत्येक माणसाच्या पाठीशी प्रत्येक क्षणी पोलीस शिपाई उभा करणे कोणत्याही राज्याला शक्य नाही. जेथे राज्याची मदत वेळेवर पोहोचू शकत नाही, तेवढ्या अवधीपुरते स्वतःचे रक्षण करण्याचे सामर्थ्य कायद्याने नागरिकाच्या हाती दिले आहे. हा हक्क केवळ स्वतःपुरता नाही. दुसऱ्या कोणाच्याही शरीराचे रक्षण करण्यासाठी, तसेच चोरी, जबरी चोरी, आगळीक व अतिक्रमण यांपासून स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे रक्षण करण्यासाठीही तो वापरता येतो. हल्ला करणारा मनोरुग्ण असला, आणि म्हणून त्याचे कृत्य कायद्याने अपराध ठरत नसले, तरीही त्याच्यापासून बचाव करण्याचा हक्क अबाधित राहतो.

तथापि हे सामर्थ्य शिक्षा करण्याचे नव्हे. शिक्षा करणे हे न्यायालयाचे काम होय. बचाव आणि सूड यांच्यातील ही सीमारेषा ओळखणे म्हणजेच हा विषय समजणे होय.

प्राण घेण्याइतका प्रतिकार केव्हा ?

हल्लेखोराचा मृत्यू घडून आला तरी अपराध होत नाही, असे प्रसंग संहितेच्या कलम ३८ ने मोजून सांगितले आहेत. ते सात आहेत : हल्ल्यामुळे मृत्यू ओढवेल अशी वाजवी भीती असणे; जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती असणे; बलात्काराच्या उद्देशाने केलेला हल्ला; अनैसर्गिक वासना भागविण्याच्या उद्देशाने केलेला हल्ला; पळवून नेण्याच्या उद्देशाने केलेला हल्ला; सुटकेसाठी अधिकाऱ्यांची मदत मिळणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्यासाठी केलेला हल्ला; आणि आम्ल फेकणे किंवा तसा प्रयत्न. यांतील शेवटचा प्रसंग २०१३ च्या दुरुस्तीने दंड विधानात प्रथम समाविष्ट झाला.

मालमत्तेच्या बाबतीत कायदा अधिक कठोर आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला वा मालमत्ता ठेवण्याच्या जागेला आग लावणे, आणि ज्यांमुळे मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण होते अशी चोरी, आगळीक वा गृह-अतिक्रमण, एवढ्याच प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणार्थ प्राण घेण्यापर्यंत मजल जाऊ शकते. नुसते शेतात शिरणे, बांध कोरणे, चार ऊस तोडून नेणे किंवा पाटाचे पाणी आपल्याकडे वळविणे यासाठी माणसाचा प्राण घेण्याची मुभा कायद्याने कोणासही दिलेली नाही. ग्रामीण भागातील प्रत्येक खातेदाराला सांगितली पाहिजे, अशी ही गोष्ट आहे.

एक उदाहरण

समजा, एका शिवारात दोन शेतकऱ्यांची उसाची शेते लागून आहेत. सोयीसाठी एकाला पूर्वेचा व दुसऱ्याला पश्चिमेचा शेतकरी म्हणू. एके सकाळी पश्चिमेचा शेतकरी सामाईक बांध कोरू लागतो. पूर्वेच्या शेतकऱ्याला त्याला अडविण्याचा, प्रसंगी त्याच्या हातची कुदळ काढून घेण्याचा हक्क आहे; परंतु त्याच्या डोक्यात कुऱ्हाड घालण्याचा नाही. आता अडविताच पश्चिमेचा शेतकरी कोयता उगारून अंगावर धावून आला, असे समजा. येथे प्रश्न बांधाचा राहिला नाही, तो प्राणाचा झाला. पूर्वेच्या शेतकऱ्याचा शरीररक्षणाचा हक्क याच क्षणी सुरू होतो. कोयत्याचा घाव अंगावर बसेपर्यंत वाट पाहण्याचे बंधन त्याच्यावर नाही. धोक्याची वाजवी भीती निर्माण होणे पुरेसे आहे. त्याने पाठ फिरवून पळालेच पाहिजे, असेही कायदा म्हणत नाही.

पुढे झटापटीत कोयता खाली पडला व पश्चिमेचा शेतकरी जीव घेऊन पळू लागला. धोका संपला, तसा हक्कही संपला. आता पाठीमागून धावत जाऊन घातलेला घाव हा बचावाचा नव्हे, तो सूडाचा होय. आणि त्याने मृत्यू झाला तर तो खुनाचा आरोप ठरू शकतो. कोल्हापूर ही तालमींची नगरी. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला टेकली की कुस्ती संपते, त्यानंतर डाव टाकता येत नाही, हा नियम येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. आत्मसंरक्षणाच्या कायद्याचे मर्मही यापेक्षा फारसे वेगळे नाही.

न्यायालयांनी दिलेला अर्थ

कायद्यातील ‘वाजवी भीती’ या शब्दांना खरा अर्थ न्यायालयांच्या निर्णयांतून प्राप्त झाला आहे. ५ मार्च १९५० रोजी कटनी येथे दंगल उसळली. कटनी तेव्हाच्या मध्य प्रदेशात होते व त्या राज्याचे उच्च न्यायालय नागपूरला होते. जमावाने अमजद खान यांच्या घराच्या एका भागात शिरून लुटालूट केली होती आणि तो त्यांच्या दुकानाच्या दारावर लाठ्या मारीत होता. घरात कुटुंबातील माणसे होती. अमजद खान यांनी गोळ्या झाडल्या व एक इसम मृत्यू पावला. दार अद्याप फुटले नव्हते, म्हणून धोका नव्हता, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली अमान्य केला आणि त्यांना निर्दोष सोडले. अशा क्षणी माणसाने किती बळ वापरावे हे सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही, असा या व नंतरच्या निर्णयांचा आशय आहे. शांत खोलीत बसून, सर्व हकीकत माहीत झाल्यावर केलेला हिशेब संकटात सापडलेल्या माणसाला लावणे हे न्यायाचे नव्हे.

दुसरी बाजू जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात दिसते. शेताच्या ताब्यावरून दोन गटांत संघर्ष झाला व अनेक माणसे मारली गेली. १९६२ मध्ये दिलेला हा निकाल साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी लिहिला. प्रतिपक्ष शेत सोडून पळू लागल्यावर त्याच्यापासूनचा धोका संपला होता; त्यानंतर दूरवरच्या माणसांवर झाडलेल्या गोळ्या संरक्षणाच्या हक्कात बसत नाहीत, असे सांगून आरोपींना दोषी ठरविणारा निर्णय कायम करण्यात आला.

या दोन टोकांमध्ये दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य हा १५ जानेवारी २०१० चा निकाल आहे. शेतजमिनीच्या वादात वडिलांवर धारदार शस्त्राने वार झाला, तेव्हा मुलाने गोळी झाडली. सत्र न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या आरोपीस उच्च न्यायालयाने दोषी ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याची पुन्हा मुक्तता केली व या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. पित्याच्या रक्षणासाठी पुत्राने वापरलेला हा हक्क होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मर्यादा आणि त्या ओलांडल्यास

संहितेच्या कलम ३७ ने या हक्काला कुंपण घातले आहे. सरकारी अधिकाऱ्यांचे संरक्षण मागण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. लोकसेवक आपल्या पदाच्या नात्याने सद्‌भावपूर्वक कृती करीत असेल आणि त्या कृतीने मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण होत नसेल, तर केवळ ती कृती काटेकोरपणे नियमानुसार नाही एवढ्यावरून त्याच्याविरुद्ध हा हक्क बजावता येत नाही. मोजणीसाठी आलेला भूकरमापक किंवा अतिक्रमण हटविण्यास आलेला अधिकारी यांच्यावर हात टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्याचप्रमाणे ज्याने स्वतःच हल्ल्याला आरंभ केला, त्याला पुढे बचावाचे निमित्त सांगता येत नाही; आणि दोन्ही पक्ष लढण्याच्याच तयारीने समोरासमोर आले असतील तर साधारणतः कोणालाही या हक्काचा आधार मिळत नाही.

हक्क होता, परंतु त्याची मर्यादा ओलांडली गेली, असेही घडते. पूर्वनियोजन नसेल, आवश्यकतेहून अधिक इजा करण्याचा उद्देश नसेल आणि कृत्य सद्‌भावपूर्वक घडले असेल, तर तो ‘खून’ न राहता ‘खून या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध’ ठरतो. हा अपवाद संहितेच्या कलम १०१ मध्ये आहे. फरक केवळ नावाचा नाही. खुनास मृत्युदंड किंवा जन्मठेप याखेरीज शिक्षा नाही. सदोष मनुष्यवधास कलम १०५ नुसार, उद्देश सिद्ध झाल्यास, जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षांचा कारावास, आणि केवळ जाणीव सिद्ध झाल्यास दहा वर्षांपर्यंतचा कारावास, अशी तरतूद आहे. घरातील कर्ता पुरुष आयुष्यभर तुरुंगात राहणार की काही वर्षांनी परतणार, हे यावर अवलंबून असते.

जमीन कोणाच्या ताब्यात ?

शेतजमिनीच्या तंट्यांत ‘जमीन माझ्या नावावर आहे’ एवढे म्हणून भागत नाही. दिल्लीजवळच्या एका शेताबाबत मुन्शीराम खटल्यात (१९६८) आणि पुढे पूरणसिंग खटल्यात (१९७५) सर्वोच्च न्यायालयाने ‘स्थिर ताबा’ हे तत्त्व स्पष्ट केले. एखादा इसम मालकाला माहीत असताना पुरेसा काळ जमिनीवर बसलेला असेल, त्याने पीक घेतले असेल, तर खऱ्या मालकालाही त्याला बळाने हुसकावता येत नाही. त्याने कायदेशीर मार्गच अवलंबिला पाहिजे. याउलट, आदल्या रात्री चोरून नांगर घालणाऱ्याचा ताबा स्थिर ठरत नाही. म्हणजेच सातबाऱ्याचा उतारा हाती घेऊन माणसे जमवून शेतात उतरणारा मालक कायद्याच्या दृष्टीने हल्लेखोर ठरू शकतो.

हा कायदेशीर मार्ग दूर नाही. ताबा हिरावला गेल्यास विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावता येतो. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह अडविला गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार, तोही सहा महिन्यांच्या आत, तहसीलदारांकडे जाता येते. तंट्याने शांतताभंग होण्याचा संभव दिसल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ नुसार कार्यकारी दंडाधिकारी ताब्याबाबत आदेश देऊ शकतात. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेमागील विचारही हाच होता, की तंटा कोयत्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी मिटावा.

सिद्धतेचा भार

आत्मसंरक्षणाचा बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ ने (पूर्वीच्या पुरावा अधिनियमाचे कलम १०५) आरोपीवर टाकली आहे. यावरून अनेकांचा समज होतो, की आरोपीने आपले निर्दोषत्व निःसंशय सिद्ध केले पाहिजे. तसे नाही. मुंबईत २७ एप्रिल १९५९ रोजी घडलेल्या आणि महाराष्ट्रभर गाजलेल्या नानावटी खटल्यात आत्मसंरक्षणाचा नव्हे, तर झटापटीत अपघाताने गोळी सुटल्याचा बचाव होता. परंतु २४ नोव्हेंबर १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या भाराचे जे विवेचन केले, ते येथेही उपयोगी पडते. अपराध सिद्ध करण्याचा मूळ भार अभियोगपक्षावरच राहतो. तो कधीही सरकत नाही. आरोपीला आपला बचाव केवळ संभाव्य आहे एवढेच दाखवावयाचे असते, आणि त्यासाठी त्याने स्वतंत्र साक्षीदार आणलेच पाहिजेत असे नाही. अभियोगपक्षाच्या साक्षीदारांच्या उलटतपासातून, वैद्यकीय दाखल्यांतून किंवा घटनास्थळाच्या पंचनाम्यातूनही तो दिसून येऊ शकतो. मुन्शीराम खटल्यातील निर्णयानुसार, आरोपीने हा बचाव स्पष्ट शब्दांत घेतला नसला तरी पुराव्यावरून तो दिसत असल्यास न्यायालय त्याचा विचार करू शकते.

या संदर्भात आरोपीच्या अंगावरील जखमांना मोठे महत्त्व आहे. घटनेच्या वेळी आरोपीला झालेल्या जखमा कशा झाल्या याचा खुलासा अभियोगपक्षाने केला नाही, तर त्याचे साक्षीदार सत्य लपवीत असावेत, असा निष्कर्ष न्यायालय काढू शकते, हे लक्ष्मीसिंग विरुद्ध बिहार राज्य (१९७६) या निकालाने सांगितले आहे. आरोपीला जखम नाही, म्हणून त्याला धोका नव्हता, असा उलट निष्कर्ष मात्र काढता येत नाही. कारण वेळीच प्रतिकार झाल्यामुळेच तो वाचलेला असू शकतो.

गावपातळीवरील कर्तव्ये

आता या सर्व विवेचनाचा वाचकांच्या नित्य कामाशी संबंध पाहू. घटना घडताच ११२ क्रमांकावर व पोलीस ठाण्यास कळवावे. मग पहिले काम जखमींना रुग्णालयात नेण्याचे. आणि तेही दोन्ही पक्षांच्या जखमींना. मृताच्या बाजूच्या लोकांबद्दल सहानुभूती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आरोपीच्या हातावरील कोयत्याचा वार नोंदवला गेला नाही, आठवड्याने ती जखम भरून आली, तर एका निरपराध माणसाच्या बचावाचा पुरावाच नाहीसा होतो. अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी होऊन जखमांची नोंद व्हावी, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये आहेच; ती अमलात आली की नाही याची विचारपूस नातेवाइकांनी करावी.

दुसरे, घटनास्थळाला हात लावू नये. रक्ताचे डाग बांधाच्या कोणत्या बाजूस आहेत, शस्त्र कोठे पडले आहे, पावलांचे ठसे कोणत्या दिशेने जातात, पीक कोठे तुडविले गेले आहे, यांवरून हल्ला कोणी कोणावर केला हे उमगते. प्रेत घरी हलविणे, शस्त्र धुऊन ठेवणे, ‘गावाची अब्रू’ म्हणून जागा सारवून टाकणे यांमुळे सत्यच पुसले जाते. पंच म्हणून सही करणाऱ्याने पंचनामा वाचूनच सही करावी. तिसरे, दोन्ही पक्षांना आपापली फिर्याद नोंदविता यावी. एकाच घटनेच्या परस्परविरोधी फिर्यादी एकाच न्यायाधीशापुढे एकापाठोपाठ चालाव्यात, असा दंडक असल्याने दुसरी फिर्याद दाबून टाकण्यात कोणाचेही हित नाही. चौथे, मनुष्यवधाचे प्रकरण गावबैठकीत मिटविण्याचा किंवा कोणाकडून कबुली लिहून घेण्याचा प्रयत्न करू नये. तडजोडीने मिटणारा हा अपराध नव्हे.

अखेरीस, आरोपीला वकील देण्याची ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. अत्याचाराचा प्रतिकार करताना हल्लेखोर मरण पावला म्हणून तुरुंगात गेलेल्या एखाद्या स्त्रीला आपण कायद्याने निर्दोष ठरू शकतो याची कल्पनाही नसते. शिक्षक, अंगणवाडी सेविका व पंचायत सदस्य यांनी तिला योग्य वेळी हा मार्ग दाखविला, तर ती फार मोठी समाजसेवा ठरेल.

आत्मसंरक्षणाचा हक्क भित्र्यासाठी नाही, तसा तो आततायी माणसासाठीही नाही. धोक्याबरोबर तो जन्मतो आणि धोक्याबरोबर मावळतो. न्यायालयात मात्र तो शब्दांच्या जोरावर नव्हे, तर जखमेची नोंद, जागेचा पंचनामा व खरी साक्ष यांच्या आधारे टिकतो. हा आधार जतन करण्याचे काम गावाच्या हाती आहे. आणि बांधाचा तंटा वेळीच तहसील वा दिवाणी न्यायालयाच्या पायरीवर नेऊन तो आधार शोधण्याची वेळच येऊ न देणे, हेही गावाच्याच हाती आहे.